पिंजऱ्यातले पियानोवादक

आमची मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिचा कीबोर्ड जुबैलच्या घरात मागे राहिला. आठवीत तिने तो हट्टाने घेतला होता आणि नववीत तितक्याच हट्टाने सोडला होता. पुढे कित्येक महिने मी त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होते. जानेवारीतल्या एका दुपारी कपडे उचलता उचलता काय मनात आलं कोण जाणे, मी वायर लावली, स्टूल ओढलं आणि सा शोधायला लागले.

लहानपणी मिरजेत मी पेटी शिकले होते. लग्नानंतर ती सुटली, सौदीत आल्यावर तर विषयच संपला. पण बोटं विसरली नव्हती. उजवा हात आपोआप पलटे घेत पळायला लागला. डावा हात मात्र हवेत मागेपुढे, मागेपुढे हलत होता. कीबोर्डला भाता नसतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

थंडीचे दिवस म्हणून खिडकी उघडी होती. पाच मिनिटांत दारावरची बेल वाजली. शेजारच्या व्हिलात नुकतीच राहायला आलेली फ्रेंच बाई दारात उभी होती. साठीची, काटकुळी, केस कापलेले, पायात घरातल्या सपाता. तिचा नवरा रिफायनरीच्या कामावर आला होता आणि ती जन्मभर तिकडच्या एका गावात पियानो शिकवत होती, हे मला मागाहून कळलं. त्या दुपारी तिने स्वतःची ओळखसुद्धा करून दिली नाही.

"उजवा हात चांगला आहे," ती तिच्या अडखळत्या इंग्रजीत म्हणाली. "डाव्या हाताला काय झालंय?"

तिला मघाशी खिडकीतून माझा हात दिसला होता.

"तो हवा घालतोय," मी म्हटलं.

तिला काही समजलं नाही. मग मी फोनवर पेटीचं चित्र शोधून दाखवलं, भाता कसा असतो ते सांगितलं. तिने ते चित्र मोठं करकरून पाहिलं, आणि मग ती दाराच्या चौकटीला धरून इतकी हसली की मला तिला आत घेऊन पाणी द्यावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून माझी शिकवणी सुरू झाली.

मी तिला बाई म्हणायला लागले. शिकवणाऱ्या बाईला आणखी काय म्हणणार? तिला तो शब्द आवडला, तिच्या तोंडी तो "बाऽ-ई" असा दोन तुकड्यांत यायचा. माझ्या डाव्या हाताला वळण लागावं म्हणून तिने काय काय नाही केलं. त्या हातावर नाणं ठेवलं, त्या हाताने मला भाजी चिरायला लावली, एकदा तर उजवा हात माझ्याच ओढणीने स्टुलाला बांधून ठेवला. त्याच वेळी आमचे हे कामावरून आले. बायको स्टुलाला बांधलेली आणि शेजारीण समोर कॉफी पीत बसलेली पाहून ते सरळ आत गेले आणि चहा ठेवला. अठ्ठावीस वर्षं रिफायनरीतल्या पाइपांच्या जंगलात काम केलेला माणूस सहसा दचकत नाही.

बाईंचा एकच देव होता. दीडएकशे वर्षांपूर्वीचा त्यांच्याकडचा एक संगीतकार. त्याचं नाव त्या इतक्या नाकातून उच्चारायच्या की मला ते शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. मी त्याला "तुमचा तो" म्हणायची आणि आमच्यात तेवढं पुरायचं. त्यांच्या देशातले लोक त्याला जुनाट म्हणतात, म्हणून बाईंना त्याचा जास्तच पुळका होता. माझी बोटं चुकली की त्या त्याची गोष्ट सांगायच्या. त्यामुळे मला त्याचं चरित्र फार लवकर पाठ झालं.

बाप लहानपणीच गेला. आईच्या मावशीने तीन वर्षांचाही नसताना पियानोवर बसवला. दहाव्या वर्षी भर सभेत वाजवलं आणि वर लोकांना सांगितलं, एका थोर जर्मन उस्तादाचा कुठलाही सोनाटा मागा, पाठ वाजवून दाखवतो. मोठेपणी गणित, दगड, कीटक, तारे, सगळ्यात डोकं घातलं. आणि एक दिवस बाई म्हणाल्या की तरुणपणी त्याने पियानो आणि हार्मोनियम अशा जोडीसाठी काही रचना केल्या, आणि त्यातून मिळालेल्या मानधनातून स्वतःसाठी दुर्बीण घेतली.

मी वाजवायची थांबले. "कशासाठी रचना केल्या म्हणालात?"

"हार्मोनियम."

"आमची पेटी?"

"तुमची नाही. आमची. तुम्ही ती जमिनीवर ठेवली."

रात्री जेवताना मी ह्यांना तीनदा सांगितलं, की पेटीच्या जोरावर एका माणसाने आकाशातले ग्रह पाहिले. हे म्हणाले, "बरं झालं, तुझ्या पेटीने निदान कुणाचं तरी भलं केलं." पण दुसऱ्या दिवशी कामावर जायला गाडीत बसताना तेच पलटे गुणगुणत होते.

मार्चमध्ये आमच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीत, एक संध्याकाळ असते. प्रत्येक देशाचे लोक आपापलं काहीतरी करतात. आम्ही मराठी पाचसहा घरं दरवर्षी लेझीम नाहीतर भारूड करायचो आणि आमची इंग्रजी शाळेतली मुलं दरवर्षी "मॉम, प्लीज, नॉट अगेन" म्हणायची. या वर्षी बाईंनी जाहीर केलं की आपण त्यांच्या त्याचा प्राण्यांचा खेळ करायचा.

खेळ म्हणजे असा. त्या संगीतकाराला एक भलंमोठं गंभीर काम पुरं करायचं होतं. ते सोडून तो एका खेड्यात सुट्टीवर गेला आणि तिथे गंमत म्हणून एकेका प्राण्यावर छोटे छोटे तुकडे लिहीत बसला. सिंह, कोंबड्या, हत्ती, कांगारू, मासे. कासवाला त्याने त्या वेळचा सगळ्यात उधळता नाच दिला, पण इतका संथ की चाल ओळखायलाच वेळ लागतो. मित्रांच्या बैठकीत तो वाजवला, सगळे हसले, आणि मग याला धास्ती बसली की आपल्याला कुणी गंभीरपणे घेणार नाही. त्याने मी जिवंत असेपर्यंत हे छापायचं नाही अशी ताकीद दिली. फक्त शेवटचा हंस तेवढा बाहेर जाऊ दिला. आज सगळं जग त्याला त्या प्राण्यांमुळेच ओळखतं, आणि हे सांगताना बाईंचा चेहरा असा व्हायचा की या फजितीत त्यांना आनंद होतोय की दुःख ते कळू नये.

पात्रयोजना झाली. क्लबहाउसच्या पियानोवर बाई सगळे प्राणी वाजवणार. आमच्या आणि इतरांच्या पोरांनी मुखवटे घालून ते प्राणी व्हायचं. हंसासाठी व्हायोलिनचा थोरला भाऊ चेलो हवा होता, तो पलीकडच्या गल्लीतल्या इजिप्शियन दंतवैद्याकडे निघाला. तो गंभीर गृहस्थ होता. पण तो संगीतकार थंडीत नेहमी अल्जीरियाला जायचा, इजिप्तमध्येही राहिला होता, नाईलवरच्या नावाड्याचं एक गाणं त्याने आपल्या रचनेत घेतलं, आणि शेवटी गेला तोही अल्जीयर्समध्येच, एवढं ऐकल्यावर डॉक्टर म्हणाला, "खलास. अर्धा माणूस आमचाच आहे." आणि तो त्या दिवशीच चेलो घेऊन आला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही पियानोवादक," बाई म्हणाल्या. "तुम्ही आणि तुमचे पती."

मला वाटलं त्यांची इंग्रजी चुकली. पण नाही. त्या प्राण्यांच्या यादीत, कांगारू आणि हत्ती जिथे आहेत तिथेच, पियानोवादक नावाचाही एक प्राणी आहे. त्याने फक्त पलटे वाजवायचे. सा रे ग म, वर आणि खाली. आणि नवशिका जसा धडपडत वाजवतो तसंच वाजवायचं, अशी सूचना छापलेल्या प्रतीत स्पष्ट दिली आहे. म्हणजे जगाच्या सगळ्या शास्त्रीय संगीतात ही एकच जागा अशी, जिथे न येणं हीच पात्रता. बाई हे सगळं इतक्या प्रेमाने सांगत होत्या की मला अपमान वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही.

ह्यांनी आयुष्यात शिट्टीखेरीज काही वाजवलं नव्हतं. पण त्यांनी होकार दिला, कारण बाईंना पियानोवादकांसाठी पिंजरा हवा होता. ह्यांनी पीव्हीसी पाइपांचा पिंजरा करायचं घेतलं. त्याचे तीन बाजूंनी आराखडे काढले. डायनिंग टेबलावर चार दिवस जेवता आलं नाही. त्या पिंजऱ्याला पुढे वर उचलायचं दार होतं आणि सगळे सांधे न चिकटवता बसवलेले होते. "देखभालीला सोपं," ते म्हणाले. मी विचारलं, देखभाल कुणाची? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पाइप वळवायचा कोपराचा सांधा शोधायला लागले.

सराव आमच्या घरी. एका बाकावर आम्ही दोघं, उजवी बाजू माझी, डावी त्यांची. सुरुवात पांढरी एकपासून, मग काळी एक, मग पांढरी दोन, मग काळी दोन. दर वेळी अर्ध्या सुराने वर चढायचं आणि मधे बाईंनी दोन जोरदार ठोके द्यायचे. पांढरी एक, काळी एक ही आपली पेटीवाल्यांची भाषा. ह्यांना तीच समजली, आणि प्रत्येक फेरीआधी ते पुटपुटायचे, "पांढरी एक." मग वाजवायचे. पहिल्या दिवशी आमचे दोघांचे अंगठे एकाच पट्टीवर आले. दुसऱ्या दिवशी माझ्या डाव्या हाताने जुन्या सवयीने भाता मारला आणि तो नेमका ह्यांच्या चष्म्याला लागला. चष्मा पट्ट्यांवर पडला, त्याचा एक सूर वाजला, आणि बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हा ठेवा. हा चांगला आहे."

आम्ही किती हसायचो. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण मी ह्यांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना फारसं पाहिलं नव्हतं. मुलगी व्हिडिओ कॉलवर बघायची आणि म्हणायची, "आई, आर यू गाइज ओके?" सकाळी गॅससमोर उभी राहिले तरी माझी बोटं ओट्यावर पळायची. हे कामावरून फोन करून विचारायचे, "काळी एकला तिसरं बोट की दुसरं?"

आणि तिथेच घोटाळा झाला. आम्हाला यायला लागलं.

कार्यक्रम आठवड्यावर आला तेव्हा आम्ही चारही पट्ट्यांत सफाईदार वर जाऊन खाली येत होतो. बाई ऐकून कपाळाला हात लावून बसल्या.

"हे काय आहे?" त्या म्हणाल्या.

"बरोबर आलं ना?" हे खुशीत.

"बरोबर आलं, हेच तर! आता तुम्ही प्राणी राहिला नाहीत. कोण हसणार?"

त्यांनी आमच्यावर सराव करायची बंदी घातली. कीबोर्डची वायर काढून घरी घेऊन गेल्या. हे रविवारी कामावर जाताना मला बजावून गेले, "ओट्यावरसुद्धा वाजवू नकोस." आणि स्वतः संध्याकाळी स्टिअरिंगवर वाजवत आले, मी खिडकीतून पाहिलं.

त्या बंदीच्या दिवसांत मी निवेदनाची तयारी करत होते. चरित्राची थोडी माहिती आधी मी सांगायची असं ठरलं होतं. वाचता वाचता एक गोष्ट सापडली, जी बाईंनी मला कधी सांगितली नव्हती. त्याने चाळिशीच्या जवळ लग्न केलं. दोन मुलगे झाले. दोघंही एकाच वर्षी गेले, काही आठवड्यांच्या अंतराने, एक खिडकीतून पडून आणि दुसरा आजाराने. त्यानंतर काही वर्षांनी तो बायकोबरोबर सुट्टीवर गेला असताना एक दिवस न सांगता निघून गेला. परत आलाच नाही.

मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी हातातला पाइपाचा तुकडा खाली ठेवला.

"असा माणूस?" ते म्हणाले. "आणि आपण याच्या नावाने पिंजऱ्यात बसून नाचायचं?"

मी बाईंकडे गेले. त्या कांगारूचा मुखवटा रंगवत होत्या.

"तुम्ही हे मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "कारण मग तुम्ही त्याला माफ करायचं का यावर विचार कराल आणि डावा हात विसराल. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याची बायको त्याच्यानंतरही खूप वर्षं जगली. ती कशी जगली याची गोष्ट कुणी सांगत नाही." पुन्हा ब्रश उचलत म्हणाल्या, "पण प्राणी त्याने त्यानंतर लिहिले. दोन मुलं गेलेल्या माणसाने कोंबड्यांवर आणि कासवांवर लिहिलं. मला त्याचं पुढे काय करायचं ते समजत नाही, म्हणून मी ते वाजवते."

मी घरी येऊन ह्यांना तेच सांगितलं. हे म्हणाले, "मग तू ते निवेदनात सांग. बायकोचंही सांग. लपवून हसायचं नाही." आणि उठून पिंजऱ्याचं दार लावायला गेले.

गुरुवारी संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर क्लबहाउस भरलं. मी माइकवर दुर्बिणीची गोष्ट सांगितली, मुलांचीही सांगितली, बायकोचीही. पुढच्या रांगेतल्या एका आईने आपल्या लहानग्याला मांडीवर ओढून घेतलं. मला वाटलं, झालं, आता कुणी हसणार नाही. तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे न पाहता सिंहाची डरकाळी सुरू केली, आणि मागच्या पडद्यातून सिंह झालेला आमच्या मराठी मंडळींपैकी एकांचा धाकटा मुलगा शेपटीवर पाय पडून थेट माइकच्या तारेवर आला.

मग कुणी आवरेना. कोंबड्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त दाणे टिपले. हत्तीच्या पोटातली उशी सुटली. कासवं इतकी हळू चालली की पियानो संपला तरी ती व्यासपीठाच्या मध्यावर होती, आणि लोकांनी त्यांना टाळ्यांच्या तालावर पलीकडे पोचवलं.

मग पिंजरा आला. आत बाक, कीबोर्ड आणि आम्ही दोघं. मी पैठणी नेसले होते, ह्यांनी सूट घातला होता. पुढे पाटी होती, 'प्राण्यांना खायला घालू नये', अरबी, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. मला समोर सगळी ओळखीची तोंडं दिसली. ह्यांच्याकडे पाहिलं तर ते पांढरेफटक. इतके दिवस शिकलेलं सगळं त्या क्षणी दोघांच्याही हातातून गेलं.

"पांढरी एक," हे पुटपुटले.

कीबोर्डचा माइक त्यांच्या तोंडापाशीच होता. सगळ्या सभागृहात घुमलं, पांढरी एक. मागच्या रांगेतली आमची मराठी मंडळी फुटली. आम्ही वाजवलं. काय वाजवलं ते मला आजही सांगता येणार नाही. ते वर गेले तेव्हा मी खाली येत होते. बाईंनी दोन ठोके दिले. आता ह्यांनी म्हणायच्या आधीच मागून पाचसहा जण ओरडले, "काळी एक." आम्ही पुन्हा धडपडलो. तिसऱ्या वेळी अर्धं सभागृह ओरडलं, "पांढरी दोन." अर्थ कुणाला माहीत नव्हता, फ्रेंच, लेबनीज, फिलिपिनो, सगळे ओरडत होते. एका कासवाने गजांतून केळं आत टाकलं. ह्यांनी ते वाजवता वाजवता डाव्या हाताने उचललं, आणि उरलेल्या एका हाताने कसाबसा सूर धरला. चौथ्या वेळी "काळी दोन" असा घोष उठला की बाईंचे ठोके कुणाला ऐकूच आले नाहीत. मी पाहिलं तर बाई पियानोवर डोकं टेकून हसत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

आमच्याकडून ते तीनदा वाजवून घेतलं. तिसऱ्या वेळी आम्ही बरोबर वाजवलं, तेव्हा लोकांनी नापसंतीचा आवाज काढला.

शेवटी डॉक्टरने हंस वाजवला. ह्यांनी पिंजऱ्यात माझा हात धरला होता, तोच, डावा. बाहेर कुणाला दिसत नव्हतं असं आम्हाला वाटलं, पण मुलीने दुसऱ्या दिवशी तिला कुणीतरी पाठवलेला आमच्या हातांचा फोटो पुढे पाठवला, बाकी काही लिहिलं नव्हतं.

नंतर सगळी वरात समुद्रकाठच्या कॉर्निशवर मंदी, म्हणजे तिकडचा मटण-भात, खायला गेली. एका मोठ्या थाळीभोवती सिंह, दोन कोंबड्या, डॉक्टर, बाई आणि आम्ही. बाईंच्या नवऱ्याने, ज्याचा आवाज आम्ही त्याआधी ऐकलाही नव्हता, वेटरला बोलावून ठणकावून सांगितलं, "पांढरी एक." वेटरने पाण्याची बाटली आणून दिली.

बाई जूनमध्ये परत गेल्या. त्यांच्या नवऱ्याचं काम पुरं झालं. अधूनमधून फोन करतात आणि डाव्या हाताची चौकशी करतात. हात ठीक आहे. पण आमच्या ह्यांनी इकडे दम्मामला जाऊन स्वतःसाठी एक नवशिक्यांचं पुस्तक आणलं, रोज पहाटे कामावर जायच्या आधी बसतात, आणि आता दोन्ही हातांनी माझ्यापेक्षा चांगलं वाजवतात. मी मिरजेची, मी पेटी शिकलेली, आणि हे नाशिकचे पाइपवाले. सध्या आमच्या घरात बाकावर कुणी आधी बसायचं यावरून भांडण चालू आहे. काल मी त्यांचं पुस्तक इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवून दिलं. त्यांना ते अजून सापडलेलं नाही.